अकूस्टिक गिटारसाठी माईक कसा निवडायचा: आधी खोली, मग जात, मॉडेल सगळ्यात शेवटी

"गिटार रेकॉर्ड करायचीय, कुठला माईक घेऊ?" असं कुणी विचारलं की मी आधी तीन गोष्टी विचारतो. कुठल्या खोलीत वाजवणार, गिटार एकटीच ऐकू येणारे की गाण्याच्या मागे राहणारे, आणि तुमचा हात हलका आहे की जड. समोरच्याला मॉडेलचं नाव हवं असतं हे मला कळतं, पण या तिन्हींची उत्तरं माहीत नसताना नाव सांगणं म्हणजे पायाचं माप न घेता चप्पल आणण्यासारखं आहे, बसली तर बसली. म्हणून इथे आपण उलट्या बाजूने जाऊया, आधी गिटार आणि खोली, मग माईकची जात, मग कागदावरचे आकडे आणि मग निवड. एकेक पायरी खरंच करून बघा, नुसतं वाचून यातलं अर्धंच हाती लागेल.

पायरी १: आधी कान लावा

गिटारचा आवाज त्या गोल भोकातून बाहेर येतो असं आपण धरून चालतो आणि घोळ तिथूनच सुरू होतो. आवाज सगळीकडून येतो. ब्रिजच्या आसपासची लाकडाची फळी थरथरते तिथून गोल, लाकडी असा मधला आवाज येतो, नेकच्या बाजूने तारांची चमक आणि बोटांची सरसर येते, आणि साउंडहोलमधून येते ती मुख्यतः आतल्या हवेची घुमणूक, जी नेहमीच्या साइझच्या बहुतेक गिटारींमध्ये १०० हर्ट्झच्या आसपास असते. आता बघा, सगळ्यात जाड तार मोकळी वाजवली तर ८२ हर्ट्झ, तिच्याच तिसऱ्या पट्टीवरचा जी ९८ हर्ट्झ, म्हणजे रोजच्या कॉर्ड्समधले खालचे सूर नेमके त्या घुमणुकीच्या टापूत येऊन पडतात. माईक थेट साउंडहोलसमोर ठेवला की जी कॉर्डला भुम्म करून आवाज फुगतो आणि डी कॉर्ड त्यामानाने बारीक लागते, आणि मग माणूस म्हणतो माईकच खराब आहे.

तर पहिलं काम हे करा. कुणाला तरी गिटार वाजवायला बसवा, तुम्ही एक कान बोटाने बंद करा आणि दुसरा कान माईक समजून गिटारच्या समोर सावकाश फिरवा, बाराव्या पट्टीसमोर, जिथे नेक बॉडीला मिळते तिथे, ब्रिजच्या मागे, वाजवणाऱ्याच्या उजव्या खांद्यावरून खाली, कधी वीतभर अंतरावरून तर कधी हातभर. एक कान बंद करायचा कारण माईकलाही एकच कान असतो, दोन कानांनी ऐकताना आपला मेंदू खोलीचा बराचसा घुमारा गाळून टाकतो आणि माईक काहीच गाळत नाही. दहा मिनिटांत कळतं की डोकं दहा सेंटिमीटर हललं तरी गिटार वेगळी वाटते, आणि माझा अनुभव असा की हा फरक दोन चांगल्या माईकमधल्या फरकापेक्षा बऱ्याचदा मोठा असतो.

एकटेच असाल तर फोनवर रेकॉर्ड करत फोनची जागा बदलत जा, आवाज फोनचाच येईल पण जागेजागेचा फरक नक्की कळेल.

पायरी २: खोली काय म्हणते ते लिहून काढा

एक मिनिट काहीच न वाजवता रेकॉर्ड करा आणि हेडफोनवर मोठ्याने ऐका. पंखा, फ्रिज, कॉम्प्युटरचा पंखा, बाहेरची गाडी, ट्यूबलाइटची घूं, जे जे ऐकू येतं ते सगळं. मग खोलीत चार ठिकाणी जोरात टाळी वाजवून बघा. टाळीनंतर टणटण असा पत्र्यासारखा आवाज आला तर समोरासमोरच्या दोन उघड्या भिंती आवाज एकमेकींकडे फेकतायत, तिथे बसू नका. कोपऱ्यातही बसू नका, कोपऱ्यात खालचे सूर फुगतात.

इथे एक समज मोडायलाच हवा. "खोली वाईट असेल तर डायनॅमिक माईक घ्या, तो खोलीचा आवाज पकडत नाही" असं सर्रास सांगतात. तसं नसतं. डायनॅमिक, म्हणजे तारेच्या वेटोळ्यावर चालणाऱ्या, माईकला सगळंच कमी ऐकू येतं, गिटारही आणि खोलीही, मग आपण गेन (माईकचा आवाज किती मोठा करायचा ते) वाढवतो आणि दोन्ही बरोबरीनेच वर येतात. गिटार किती आणि खोली किती हे प्रमाण ठरतं माईकच्या अंतरावरून आणि तो कुठल्या दिशेने ऐकतो त्यावरून. डायनॅमिकची जी ख्याती झालीय ती तो तोंडाला चिकटवून वापरतात म्हणून झालीय, गिटारच्या बाबतीत तो ३० सेंटिमीटरवर ठेवला की खोली येणारच.

आणि भिंतीवर काही लावणार असाल तर ते वाजवणाऱ्याच्या पाठीमागे लावा. बहुतेक जण जाड चादर माईकच्या मागे टांगतात, पण कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरून ऐकणारा, माईक तुमच्याकडे तोंड करून असतो, म्हणजे त्याला सगळ्यात जास्त दिसते ती तुम्ही आणि तुमच्या मागची भिंत. रजई, जाड पडदा, कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट, काहीही चालेल. आणि जो आवाज बंद करता येत नाही, समजा कॉम्प्युटर, तो माईकच्या बरोबर पाठीमागे येईल असं बसा, कार्डिऑइड तिथेच सगळ्यात कमी ऐकतो.

पायरी ३: माईकची जात ठरवा

इथे मी छोट्या डायफ्रॅमच्या (आवाजाने थरथरणाऱ्या पातळ पडद्याच्या) कंडेन्सरवर, म्हणजे वीज लागणाऱ्या, बारीक आवाजही पकडणाऱ्या माईकवर, जरा जास्त बोलणार आहे, कारण एकच माईक घ्यायचा असेल आणि गिटार हेच मुख्य काम असेल तर माझं मत सरळ त्याच्याच बाजूने आहे. पेन्सिलसारखा बारीक असतो म्हणून त्याला पेन्सिल माईकही म्हणतात. न्यूमन केएम १८४, शुअर एसएम८१, एकेजी सी४५१, रोड एनटी५, ऑक्टावा एमके-०१२ ही सगळी याच घरातली मंडळी. याचा डायफ्रॅम हलका आणि लहान असतो त्यामुळे पिकने तार सुटतानाचा तो पहिला टणका तो स्वच्छ पकडतो, आणि मला त्याहून महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट, बाजूने येणारा आवाज तो फारसा रंग न बदलता घेतो. गिटार हे काही तोंडासारखं एका बिंदूतून वाजणारं वाद्य नाही, हातभर लांबीचं लाकूड आणि तारा सगळ्या मिळून वाजतात, शिवाय वाजवताना माणूस हलतो, त्यामुळे आवाजाचा मोठा भाग माईकला तिरका लागतोच. मोठ्या डायफ्रॅमला हा तिरका आवाज वरच्या सुरांत बोथट होऊन पोचतो, छोट्याला कमी होतो.

पण सगळे पेन्सिल माईक एकसारखे नसतात बरं का. न्यूमनचा १९६६ चा केएम ८४ वरच्या सुरांत जवळपास सपाट होता, त्याच घराण्यातला पुढचा केएम १८४ वरती थोडा उजळ केलेला आहे. नव्या कोऱ्या ब्राँझ तारा, कडक पिक आणि आधीच चमकदार असलेली गिटार, यावर उजळ माईक लावला की ऐकणाऱ्याच्या दातात कळ जाते, आणि तोच माईक जुन्या तारांच्या मऊ फिंगरपिकिंगला जीव आणतो. म्हणून "उजळ की सपाट" हे तुमची गिटार बघून ठरवा, दुसऱ्याच्या व्हिडिओत काय छान वाटलं ते बघून नाही.

मोठ्या डायफ्रॅमचे कंडेन्सर, म्हणजे साधारण एक इंचाचा डायफ्रॅम असलेले, यात न्यूमन यू८७, एकेजी सी४१४ पासून रोड एनटी१ पर्यंत सगळे आले. यांचा आवाज जरा भरदार लागतो आणि यांचा स्वतःचा हिस्स सहसा कमी असतो. तुम्ही गाताही आणि वाजवताही आणि माईक एकच घेणं शक्य आहे, तर हा घ्या, बिनधास्त घ्या, गिटार यावरही सुंदर होते, फक्त जागा शोधायला थोडा जास्त वेळ द्या आणि माईक गिटारच्या फार जवळ नेऊ नका.

डायनॅमिक, समजा शुअर एसएम५७, जो १९६५ पासून चालतोय. जोरदार स्ट्रमिंग आणि बाकी वाद्यांच्या गर्दीत बसवायची गिटार असेल तर चालतो, कधीकधी छानच बसतो कारण वरचं बारीक नक्षीकाम तो घेतच नाही. हलक्या बोटांनी वाजवलेल्या एकट्या गिटारला मात्र नको. घरात आधीच असेल तर त्याने सुरुवात जरूर करा, मुद्दाम गिटारसाठी विकत घेऊ नका.

रिबन माईक, म्हणजे आत धातूची पातळ पट्टी थरथरणारा माईक, हा ज्यांना गिटारचा कर्कशपणा नकोसा झालाय त्यांच्यासाठी. कोल्स ४०३८, रॉयर आर-१२१ वगैरे. वरचे सूर हळुवार उतरतात, बोटांची सरसर मऊ होते. पण तो पुढून जितका ऐकतो तितकाच मागूनही ऐकतो, म्हणजे खोली चांगलीच हवी, आणि साध्या रिबनला भरपूर गेन लागतो. पहिला माईक म्हणून मी हा कुणाला सांगणार नाही.

यूएसबी माईकचं थोडक्यात, आत बसलेला कॅप्सूल (आवाज पकडणारा भाग) कंडेन्सरचाच असतो बहुतेक वेळा, आवाज बराही येतो, अडचण ही की उद्या दुसरा माईक जोडून स्टीरिओ करायचं म्हटलं की अवघड होऊन बसतं.

पायरी ४: पॅटर्न, म्हणजे माईक कुठून ऐकतो

कार्डिऑइड समोरून ऐकतो, मागून जवळपास नाही. घरच्या खोलीला हाच. पण दिशा धरून ऐकणाऱ्या जवळपास प्रत्येक माईकला एक सवय असते, आवाजाच्या जवळ गेला की खालचे सूर फुगवतो, याला प्रॉक्सिमिटी इफेक्ट म्हणतात. गिटारला ३० सेंटिमीटरच्या बऱ्याच आत गेलात की हा स्पष्ट जाणवतो आणि वर सांगितलेल्या १०० हर्ट्झच्या घुमणुकीत आणखी भर घालतो.

ओम्नी म्हणजे चारी बाजूंनी ऐकणारा, त्याला हा फुगवटा नसतोच, त्यामुळे तो १५-२० सेंटिमीटरवर नेला तरी गिटार मोकळी आणि खरी वाटते. लोक ओम्नीला घाबरतात कारण खोली येईल म्हणून, पण तो जवळ नेता येतो आणि जवळ नेला की खोली आपोआप मागे पडते. अंतर अर्धं केलं की गिटारचा थेट आवाज साधारण ६ डेसिबलने वाढतो, खोलीचा घुमारा मात्र आहे तेवढाच राहतो. कॅप्सूल बदलता येणारा पेन्सिल माईक मिळत असेल तर कार्डिऑइडबरोबर ओम्नी कॅप्सूलही घ्याच असं मी सांगेन, एका माईकमध्ये दोन वेगळे माईक मिळतात.

पायरी ५: आकड्यांचा कागद वाचा, पण सगळा नको

गिटारसाठी सगळ्यात आधी बघायचा आकडा म्हणजे सेल्फ नॉइज, माईकचा स्वतःचा हिस्स. ऑडिओ-टेक्निका एटी२०२० चा २० डीबी-ए (कानाच्या हिशेबाने मोजलेले डेसिबल) आहे, एसएम८१ चा १६, केएम १८४ चा १३, रोडच्या एनटी१-ए चा ५. आकडा जितका लहान तितका शांत. स्ट्रमिंगला २० सुद्धा चालून जातो, पण बोटांनी हळुवार वाजवताना, त्यात सूर विरत जाईपर्यंत थांबायची सवय असेल तर, शेवटच्या सुराच्या मागे तो शूंऽऽ ऐकू येतो आणि नंतर कॉम्प्रेसर (मोठा-लहान आवाज सारखा करणारा इफेक्ट) लावला की आणखी वर येतो. हलक्या हाताच्या लोकांनी १५ किंवा त्याहून कमीच बघा.

दुसरा आकडा सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठरावीक आवाजाच्या दाबाला (पास्कलमध्ये मोजतात) माईक किती व्होल्टेज देतो ते. चांगले कंडेन्सर पास्कलला १० ते २५ मिलिव्होल्टच्या आसपास देतात, एसएम५७ दोनच्याही खाली. म्हणजे डायनॅमिकला साधारण १५ ते २० डेसिबल जास्त गेन लागतो, आणि तेवढा गेन देताना साध्या इंटरफेसचा (माईक कॉम्प्युटरला जोडणाऱ्या पेटीचा) प्रीॲम्प, म्हणजे आवाज वाढवणारा भाग, स्वतःच शूं करायला लागतो. हा खर्च लोकांच्या लक्षात येत नाही, माईक घेतात आणि मग त्याच्यासाठी वेगळा बूस्टर शोधत बसतात.

फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्सचा आलेख बघा, "२० ते २०,००० हर्ट्झ" हे वाक्य वाचून काही कळत नाही. आलेखात ५ ते १२ किलोहर्ट्झमध्ये टेकडी किती उंच आहे ते बघायचं, तिथेच चमक आणि कर्कशपणा दोन्ही राहतात. जास्तीत जास्त किती मोठा आवाज झेपतो तो आकडा सोडून द्या, बहुतेक कंडेन्सर १३० डीबीच्या आसपास किंवा वर झेपतात, गिटार तिथे जातच नाही.

कंडेन्सरला फँटम पॉवर लागते, ४८ व्होल्ट, इंटरफेसवर ते बटण आहे का बघून घ्या. हा ४८ चा आकडा कुठून आला तेही सांगतो, केएम ८४ नॉर्वेच्या रेडिओसाठी बनवताना त्यांच्या स्टुडिओत आपत्कालीन दिव्यांसाठी आधीच ४८ व्होल्टची लाइन होती, तीच माईकला जोडली, आणि पुढे तेच सगळीकडे रूढ झालं. रिबन वापरत असाल तर फँटम चालू असताना केबल काढू-घालू नका, सदोष केबलने आतली धातूची पट्टी ताणली जाऊन खराब होऊ शकते.

पायरी ६: एक की दोन

गिटार गाण्याच्या मागे राहणार असेल तर एकच माईक, मोनो, आणि विषय संपला. मिक्समध्ये तीच जागेवर बसते. एकट्या गिटारला स्टीरिओ सुंदर वाटतो, पण दोन माईक म्हणजे दोन वेगवेगळ्या वेळी पोचणारा आवाज. गिटारपासून दोन माईकच्या अंतरात १७ सेंटिमीटरचा फरक असेल तर आवाज अर्ध्या मिलिसेकंदाने मागेपुढे पोचतो, आणि दोन्ही एकत्र केले की १००० हर्ट्झला आणि वरती ठरावीक अंतराने खड्डे पडत जातात.

माझं एक रेकॉर्डिंग असंच गेलं. एक माईक नेककडे, एक ब्रिजकडे, हेडफोनवर इतकं मोठं आणि मोकळं वाटलं की मी त्याच रात्री स्टँड गुंडाळून ठेवले. दुसऱ्या दिवशी फोनच्या एका स्पीकरवर लावलं तर गिटारचा गाभाच गायब, नुसत्या तारा वाजतायत. तो टेक मनापासून आला होता, परत तसा वाजला नाही, त्याची हळहळ अजून आहे. तेव्हापासून दोन माईक लावले की वाजवायच्या आधी मोनोचं बटण दाबून ऐकतो, आवाज पातळ झाला तर एक माईक दोन-तीन सेंटिमीटर पुढेमागे करतो, गाभा परत येईपर्यंत.

तीनास एकचा नियम म्हणून एक गोष्ट सांगतात, माईकमधलं अंतर गिटारपासूनच्या अंतराच्या तिप्पट ठेवा. तो नियम मुळात दोन वेगळ्या वाद्यांवर दोन माईक असतील तेव्हासाठी आहे, तिथे शेजारचा आवाज हलका होऊन पोचतो म्हणून तो कामाला येतो. एकाच गिटारसमोर दोन माईक सारख्याच जोराने ऐकत असतील तर त्याने काही वाचत नाही, कानच लावावा लागतो.

सुरुवातीला एक्स-वाय करा, दोन सारखे पेन्सिल माईक, डोकी एकावर एक, ९० अंशाचा कोन, बाराव्या पट्टीसमोर ३० सेंटिमीटरवर. आवाज दोन्हींत एकदमच पोचतो त्यामुळे मोनोत बिघडत नाही. रुंदी कमी वाटली तर ओआरटीएफ नावाची मांडणी, दोन माईकमध्ये १७ सेंटिमीटर अंतर आणि ११० अंश, जरा लांबून. म्हणूनच पुढे कधीतरी स्टीरिओ करायचंय असं वाटत असेल तर पहिला पेन्सिल माईक जोडीने मिळणाऱ्या मॉडेलचाच घ्या.

गाणं आणि गिटार एकदम रेकॉर्ड करणारे मात्र फिगर-ऑफ-एट पॅटर्नचा माईक बघा, सी४१४ सारख्यात तो निवडता येतो. त्याला बाजूंनी, ९० अंशावर, जवळपास काहीच ऐकू येत नाही, तेव्हा माईक असा तिरका करायचा की त्याची बाजू गाणाऱ्याच्या तोंडाकडे येईल आणि माईकचं तोंड गिटारकडे, गाणं त्यात खूपच कमी उतरतं.

पायरी ७: घ्यायच्या आधी शेजारी शेजारी ऐका

दोन-तीन माईक मागून, भाड्याने, ओळखीच्याकडून, कसेही जमवा आणि त्यांची डोकी एकमेकांना चिकटवून एकाच वेळी रेकॉर्ड करा, वेगवेगळे टेक नकोत, कारण तुम्ही दोनदा सारखं वाजवत नाही. मग तिन्ही ट्रॅकचा आवाज अगदी सारखा करा, हे फार महत्त्वाचं, एक डेसिबलने मोठा असलेला ट्रॅक चांगलाच वाटतो, मग तो कुठलाही असो. ट्रॅकची नावं झाकून दुसऱ्या कुणाला बदलत राहायला सांगा आणि तुम्ही फक्त ऐका, आधी एकटी गिटार, मग गाण्याबरोबर. एकटीला आवडलेला माईक गाण्यात नकोसा होणं मी बऱ्याचदा बघितलंय, आणि तुमचं काम गाण्यातलं असेल तर गाण्यातलाच निकाल धरा.

ऐकताना इक्यू (वरचे-खालचे सूर कमीजास्त करणारी सोय) लावू नका. रेकॉर्डिंगच्या मीटरवर सगळ्यात मोठा आवाज (पीक) मायनस १२ डेसिबलच्या आसपास राहील एवढाच गेन, २४ बिट, बस. तारा ज्या तुम्ही खरोखर वापरता त्याच, आणि पिकही तोच.

माईक आल्यावर पहिल्या दिवशी तो बाराव्या पट्टीसमोर २५-३० सेंटिमीटरवर ठेवा, तोंड जिथे नेक बॉडीला मिळते तिकडे, किंचित साउंडहोलपासून दूर वळवलेलं. भुम्म वाटलं तर नेककडे सरकवा, पातळ वाटलं तर ब्रिजकडे, खोली जास्त आली तर जवळ. जागा सापडली की खुर्चीच्या पायांभोवती आणि स्टँडच्या पायांभोवती जमिनीवर चिकटपट्टी लावा, माईक ते गिटार अंतर दोऱ्याने मोजून तो दोरा स्टँडलाच बांधून ठेवा, म्हणजे उद्या अर्धवट राहिलेला अंतरा परत वाजवायचा असेल तेव्हा गिटार कालच्यासारखीच ऐकू येईल.